पिकअप किती माल पेलते? आरसीवरचे दोन आकडे आधी बघा

गंगाखेड : सोयाबीन निघालं की मोंढ्याच्या रस्त्यावर पिकअपची रांग लागते. गाडी कुणाचीही असो, विचारणारा एकच विचारतो, "किती टन ओढते?" डिझेल इंजिन पासिंगपेक्षा जास्त माल ओढूनही नेईल, त्याचं काही विशेष नाही. तो माल पेलायचा आणि वेळेवर थांबवायचा असतो पाटे, एक्सल, टायर आणि ब्रेकला. त्यांची हद्द आरसीवर लिहिलेली असते.

आरसीवर रिकाम्या गाडीचं वजन असतं आणि मालासकट जास्तीत जास्त किती चालेल ते ग्रॉस वजनही असतं. दोन्हींतला फरक म्हणजे आपण ज्याला पासिंग म्हणतो ते. समजा ग्रॉस 2,990 किलो आणि रिकामं 1,690 किलो आहे. पासिंग झालं 1,300 किलो. पण कायद्यानं रिकाम्या वजनात ड्रायव्हर धरत नाहीत. ड्रायव्हर आणि सोबतचा एक जण मिळून 140 किलो, नंतर बसवलेले लोखंडी कठडे आणि जाळी 100 किलो. मालासाठी उरले 1,060 किलो. 60 किलोचे सतराच कट्टे. पंचविसावा कट्टा टाकणाऱ्या हमालाला हा हिशोब कोण सांगणार?

शेजाऱ्याच्या गाडीवरून अंदाज काढू नका. टाटाची इंट्रा व्ही 50 दीड टनाची, तर 2022 मध्ये आलेली योद्धा 2.0 दोन टनांची. महिंद्राच्या बोलेरो मॅक्स पिकअपमध्ये मॉडेलप्रमाणे 1.3 टनापासून 2 टनांपर्यंत फरक पडतो. नाव तेच, पण माल 700 किलोनं कमी-जास्त.

कापसाचं उलटं असतं. हौदा भरून वर डोंगर झाला तरी वजन पासिंगच्या आत असू शकतं, मात्र माल बाजूला, मागं किंवा ठरलेल्या उंचीच्या वर गेला की त्याचाही दंड आहे. सगळ्यात फसवी वाळू. नऊ फूट बाय साडेपाच फुटांच्या हौद्यात फक्त एक फूट वाळू टाकली तरी अर्धा ब्रास होते, म्हणजे कोरडी असली तरी सव्वादोन टनांच्या आसपास. ओली असेल तर आणखी जड. हौदा अर्धा रिकामा दिसतो आणि खाली पाटे सपाट झालेले असतात. उन्हाळ्यात पाण्याची टाकी नेणाऱ्यांनी हजार लिटरला एक टन धरावा, टाकीचं वजन वेगळं. अर्धी भरलेली टाकी वळणावर पाणी एका बाजूला फेकते, ते तर जास्तच धोक्याचं.

खात्री करायची तर ड्रायव्हर बसवून, डिझेल भरून रिकामी गाडी एकदा वजनकाट्यावर घाला. ग्रॉसमधून तो आकडा वजा करा. पावती गाडीतच ठेवा, पुढं प्रत्येक भाड्याला कामी येते. भरताना जड माल मागच्या एक्सलच्या पुढं ठेवा. सगळं वजन फाळक्याकडं गेलं की पुढचं चाक हलकं होतं, स्टेअरिंग नीट ऐकत नाही.

2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 मध्ये ओव्हरलोडला 20,000 रुपये आणि जास्तीच्या प्रत्येक टनाला 2,000 रुपये दंड आहे. शिवाय जादा माल उतरवल्याशिवाय गाडी पुढं जात नाही, उतरवायचा खर्चही आपलाच. मालावर मजूर बसवून अपघात झाला तर विम्याचा दावा अडकतो, ते वेगळंच.

काही जण पिकअपला ट्रॅक्टरची ट्रॉली जोडतात. कंपनीच्या पुस्तकात ट्रॉली ओढायची परवानगी आणि वजन लिहिलेलं नसेल तर जोडूच नये. कायद्यानं ट्रेलर हे वेगळं वाहन आहे, त्याची नोंदणी वेगळी लागते. ट्रॅक्टरला मोठी मागची चाकं आणि हळू चालणारे गिअर असतात, पिकअपला नसतात. चढावर क्लच जळतो. उतारावर, राणीसावरगावकडच्या डोंगराळ भागात तर नक्कीच, बिनब्रेकची ट्रॉली मागून गाडीला ढकलते आणि वळणावर आडवी करते. बंद पडलेली गाडी ओढून न्यायची असेल तर दोर पाच मीटरच्या आत, वेग ताशी 20 किलोमीटरच्या आसपास आणि ओढल्या जाणाऱ्या गाडीत ब्रेकवर पाय ठेवलेला माणूस हवा. इंजिन बंद असलं की ब्रेक फार जड लागतो, हे त्याला आधी सांगून ठेवा.