महाराष्ट्रातील फोन टॅपिंग

महाराष्ट्रातील फोन टॅपिंग म्हणजे राज्यातील व्यक्तींची दूरध्वनी संभाषणे व संदेश शासकीय यंत्रणांनी त्यांच्या नकळत ऐकणे, नोंदवणे आणि जतन करणे होय. अशी पाळत भारतात सरसकट बेकायदेशीर नाही. कायद्याने सांगितलेल्या ठरावीक कारणांसाठी आणि ठरावीक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या लेखी आदेशाने ती ठेवता येते. मात्र आदेश देणारे आणि त्या आदेशाची नंतर तपासणी करणारे असे दोघेही शासनातीलच अधिकारी असतात. न्यायालयाची पूर्वपरवानगी लागत नाही आणि ज्याचे संभाषण ऐकले गेले त्याला तसे कळवण्याची सर्वसाधारण तरतूद नाही. त्यामुळे शासकीय पाळत आणि व्यक्तीचा खाजगीपणाचा अधिकार यांतील सीमारेषा वेळोवेळी न्यायालयांनाच आखावी लागली आहे. या विषयावरील मलकानी (१९७२), भरत शांतिलाल शहा (२००८) आणि विनीत कुमार (२०१९) हे तीन महत्त्वाचे निकाल मुंबईतील प्रकरणांतून आलेले आहेत.

संज्ञा व प्रकार

पूर्वी दूरध्वनीच्या तारेला दुसरी तार जोडून संभाषण ऐकले जात असे. त्यावरून 'टॅपिंग' हा शब्द रूढ झाला. आता दूरसंचार कंपनीला आदेश मिळाल्यावर तिच्या यंत्रणेतूनच संभाषणाची प्रत तपास यंत्रणेकडे वळवली जाते. व्यवहारात पाळतीचे तीन प्रकार वेगळे करावे लागतात.

पहिला प्रकार संभाषण ऐकण्याचा. त्यासाठी गृह सचिवांचा आदेश आवश्यक असतो. दुसरा प्रकार कॉल तपशिलांचा, म्हणजे कोणी, कोणाला, केव्हा, किती वेळ आणि कोणत्या मनोऱ्याच्या कक्षेतून फोन केला याच्या नोंदींचा. यात संभाषणातील मजकूर नसतो आणि पोलीस अधीक्षक दर्जाचा अधिकारी हे तपशील कंपनीकडून मागवू शकतो. डिसेंबर २०२१ पासून कंपन्यांना अशा नोंदी किमान दोन वर्षे जपून ठेवाव्या लागतात. या नोंदींचा गैरवापरही झाला आहे. २०१८ मध्ये ठाणे पोलिसांनी कॉल तपशिलांची बेकायदेशीर विक्री उघडकीस आणून काही खाजगी गुप्तहेरांना अटक केली होती. तिसरा प्रकार हेरगिरीच्या संगणक प्रणालीचा. ती थेट मोबाईल संचात शिरते, त्यामुळे तिला दूरसंचार कंपनीच्या मदतीची गरज राहत नाही.

कायदेशीर चौकट

फोन टॅपिंगचा मूळ आधार म्हणजे ब्रिटिशकालीन भारतीय तार अधिनियम, १८८५ मधील कलम ५(२). या कलमानुसार सार्वजनिक आणीबाणी उद्भवली असेल किंवा सार्वजनिक सुरक्षिततेसाठी आवश्यक असेल, तरच शासनाला संदेश रोखता किंवा ऐकता येत असे. ही अट पूर्ण झाल्यावरही देशाचे सार्वभौमत्व व अखंडता, राज्याची सुरक्षा, परकीय राष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था किंवा गुन्ह्याला चिथावणी रोखणे यांपैकी एखादे कारण असणे बंधनकारक होते.

हा अधिकार कोणत्या पद्धतीने वापरावा याचे नियम अनेक दशके करण्यात आले नव्हते. 'पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज' या संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर १९९६ रोजी निकाल देऊन ही उणीव भरून काढली. घरात किंवा कार्यालयात बसून दूरध्वनीवर बोलणे हा खाजगी आयुष्याचा भाग असून त्यावरील पाळत राज्यघटनेच्या कलम २१ शी निगडित आहे, असे न्यायालयाने स्पष्ट केले. केंद्र किंवा राज्याच्या गृह सचिवांनीच आदेश द्यावा, त्याला मुदत असावी, पुनर्विलोकन समितीने आदेश तपासावा आणि गरज संपल्यावर नोंदी नष्ट कराव्यात, असे निर्देशही दिले.

या निर्देशांच्या आधारे २००७ मध्ये नियम ४१९-अ करण्यात आला. त्यानुसार एका आदेशाची मुदत ६० दिवस व वाढीव मुदतीसह कमाल १८० दिवस ठरली. राज्यातील पुनर्विलोकन समितीचे अध्यक्षपद मुख्य सचिवांकडे असून तिने किमान दोन महिन्यांतून एकदा बैठक घेणे अपेक्षित आहे. दूरसंचार अधिनियम, २०२३ ने जुन्या अधिनियमाची जागा घेतली. त्यातील पाळतीविषयीचे कलम २० हे २६ जून २०२४ रोजी अंमलात आले आणि ६ डिसेंबर २०२४ रोजी त्याखालील नवे नियम अधिसूचित झाले. गृह सचिव आणि पुनर्विलोकन समिती ही जुनी रचना नव्या नियमांतही कायम आहे. तातडीच्या प्रसंगी राज्यात पोलीस महानिरीक्षक दर्जाचा अधिकारी आदेश देऊ शकतो. मात्र सात कामकाजाच्या दिवसांत त्याला सक्षम अधिकाऱ्याची मान्यता न मिळाल्यास पाळत थांबवावी लागते आणि मिळालेले संदेश न्यायालयात पुरावा म्हणून वापरता येत नाहीत.

मलकानी खटला

आर. एम. मलकानी हे १९६४ मध्ये मुंबईचे कॉरोनर, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारे अधिकारी होते. शस्त्रक्रियेनंतर मरण पावलेल्या एका रुग्णाच्या चौकशीत संबंधित डॉक्टरांकडे त्यांनी आधी २०,००० रुपये आणि नंतर तडजोडीने १०,००० रुपये मागितल्याचा आरोप होता. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने मध्यस्थी करणाऱ्या एका डॉक्टरांच्या संमतीने दूरध्वनीला ध्वनिमुद्रक जोडला आणि ७ ऑक्टोबर १९६४ रोजी मलकानी यांचे संभाषण नोंदवून घेतले.

हे ध्वनिमुद्रण बेकायदेशीर असून ते पुरावा म्हणून ग्राह्य धरू नये, असा बचाव करण्यात आला. सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर १९७२ रोजी तो फेटाळला. बोलणाऱ्या दोघांपैकी एकाची संमती असल्याने तार अधिनियमाचा भंग झालेला नाही, असे न्यायालयाने म्हटले. याहून दूरगामी ठरला तो दुसरा मुद्दा. पुरावा गैरमार्गाने मिळवलेला असला, तरी तो खटल्याशी संबंधित व खरा असेल तर स्वीकारता येतो, असे तत्त्व या निकालाने दृढ झाले. निरपराध नागरिकांच्या संभाषणात होणाऱ्या अरेरावीच्या हस्तक्षेपापासून न्यायालये संरक्षण देतील, असेही निकालात नमूद होते. पुढील अनेक वर्षे पाळतीतील त्रुटींवर आक्षेप घेणाऱ्या आरोपींसमोर हा निकाल ठेवला जात असे.

मकोका

मुंबईतील संघटित गुन्हेगारीला आळा घालण्यासाठी १९९९ मध्ये महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण अधिनियम (मकोका) करण्यात आला. त्यातील कलम १३ ते १६ मध्ये फोन टॅपिंगची स्वतंत्र व्यवस्था आहे. पोलीस अधीक्षक किंवा त्यावरील दर्जाचा तपास अधिकारी अर्ज करतो आणि गृह विभागाच्या सचिव दर्जाचा सक्षम अधिकारी ६० दिवसांपर्यंतची परवानगी देतो. ध्वनिमुद्रण पुरावा म्हणून वापरायचे असल्यास आदेशाची व अर्जाची प्रत खटल्याच्या किमान दहा दिवस आधी आरोपीला द्यावी लागते. परवानगीविना पाळत ठेवणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद आणि ५०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पाळतीची माहिती संबंधिताला मिळण्याची हमी देणारी ही तरतूद असली, तरी ती प्रकरण खटल्यापर्यंत पोहोचले तरच लागू होते.

मुंबई उच्च न्यायालयाने ५ मार्च २००३ रोजी ही कलमे घटनाबाह्य ठरवली. दूरध्वनी हा विषय केंद्र सूचीत असल्याने राज्य विधिमंडळाला त्यावर कायदा करता येत नाही, असे त्यामागचे कारण होते. सर्वोच्च न्यायालयाने 'महाराष्ट्र राज्य विरुद्ध भरत शांतिलाल शहा' या प्रकरणात १ सप्टेंबर २००८ रोजी हा निर्णय रद्द केला. कायद्याचा मुख्य हेतू सार्वजनिक सुव्यवस्था हा असून तो राज्य सूचीतील विषय आहे, आणि कायद्यातील संरक्षक तरतुदी पुरेशा आहेत, असे न्यायालयाने ठरवले.

खाजगीपणाचा अधिकार व विनीत कुमार निकाल

२९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावातून आधार क्रमांक देण्यास सुरुवात झाली. आधारला आव्हान देणाऱ्या न्या. के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेतून खाजगीपणा हा मूलभूत अधिकार आहे का, हा प्रश्न पुढे आला. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी त्याचे एकमताने होकारार्थी उत्तर दिले. या अधिकारात हस्तक्षेप करायचा असल्यास त्याला कायद्याचा आधार, वाजवी हेतू आणि हेतूच्या प्रमाणात मर्यादित उपाय या कसोट्या लागू झाल्या.

या कसोट्यांचा फोन टॅपिंगवरील थेट परिणाम मुंबई उच्च न्यायालयाच्या २२ ऑक्टोबर २०१९ च्या निकालात दिसला. एका बँक अधिकाऱ्याला लाच दिल्याचा आरोप असलेले मुंबईतील व्यावसायिक विनीत कुमार यांच्या दूरध्वनीवर पाळत ठेवण्याचे तीन आदेश केंद्रीय गृह मंत्रालयाने ऑक्टोबर २०१७ ते जानेवारी २०१८ या काळात दिले होते. न्या. रणजित मोरे व न्या. एन. जे. जमादार यांच्या खंडपीठाने हे तिन्ही आदेश रद्द केले. लाचखोरीच्या या प्रकरणात सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षिततेचा प्रश्न दिसून येत नाही, असे खंडपीठाने म्हटले. ध्वनिमुद्रणे नष्ट करण्याचा आदेशही देण्यात आला. साध्य योग्य असले की साधन कसेही चालेल, हा युक्तिवाद मान्य केल्यास कायद्याविषयीचा आदरच संपेल, अशी न्यायालयाची भूमिका होती. मलकानी निकालानंतर ४७ वर्षांनी, त्याच शहरातील आणि तशाच लाचखोरीच्या आरोपाच्या प्रकरणात, बेकायदेशीर पाळतीचे फळ नाकारले गेले.

या मुद्द्यावर उच्च न्यायालयांत अद्याप एकवाक्यता नाही. मद्रास उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये अशीच भूमिका घेतली. त्याआधी जून २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने मात्र मोठ्या आर्थिक भ्रष्टाचाराचा संबंध सार्वजनिक सुरक्षिततेशी जोडता येतो, असे मत दिले होते.

राजकीय वाद

भंडारा-गोंदियाचे माजी खासदार नाना पटोले यांनी जुलै २०२१ मध्ये विधानसभेत आरोप केला की, ते खासदार असताना त्यांचा फोन बनावट नावाखाली टॅप करण्यात आला होता. राज्य शासनाने पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. २०२२ मध्ये पुणे व मुंबई येथे एका वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याविरुद्ध गुन्हे नोंदवले गेले. ८ सप्टेंबर २०२३ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ते दोन्ही गुन्हे रद्द केले. त्यामुळे या आरोपांची खटल्यात शहानिशा झाली नाही.

गडचिरोली जिल्हा व पेगासस

चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन १९८२ मध्ये गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. नक्षलवादी चळवळीमुळे येथे 'सार्वजनिक सुरक्षितता' हे कारण इतर जिल्ह्यांपेक्षा सहज पुढे केले जाऊ शकते. कायद्याची प्रक्रिया मात्र सर्वत्र सारखीच आहे. वडसा (देसाईगंज) येथील एखाद्या व्यक्तीचे संभाषण ऐकायचे असल्यास स्थानिक पोलीस ठाणे किंवा जिल्हा पोलीस अधीक्षक स्वतः आदेश देऊ शकत नाहीत. तो अधिकार मुंबईत बसणाऱ्या गृह सचिवांचा आहे. त्या व्यक्तीला आदेशाविरुद्ध दाद मागायची झाल्यास मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडे जाता येते. परंतु त्यासाठी पाळत ठेवली गेल्याचे तिला आधी कळले पाहिजे.

हे कळण्याचा एक अपवादात्मक प्रसंग ऑक्टोबर २०१९ मध्ये आला. इस्रायलच्या एनएसओ या कंपनीच्या 'पेगासस' प्रणालीद्वारे जगभरातील सुमारे १,४०० जणांचे मोबाईल लक्ष्य करण्यात आल्याचे सांगून व्हॉट्सॲपने अमेरिकेत खटला भरला आणि संबंधितांना सूचना पाठवल्या. भारतातील ज्यांना याबाबत कळवण्यात आले त्यांत नागपूर आणि गडचिरोली येथील वकिलांचाही समावेश होता. वकील आणि अशील यांच्यातील संभाषणाला पुरावा कायद्याने विशेष संरक्षण असल्याने या घटनेला खाजगीपणापलीकडचे महत्त्व आहे. आपली प्रणाली केवळ शासकीय यंत्रणांना विकली जाते, असे एनएसओचे म्हणणे आहे. भारत सरकारने बेकायदेशीर पाळतीचा आरोप नाकारला.

सर्वोच्च न्यायालयाने २७ ऑक्टोबर २०२१ रोजी माजी न्यायमूर्ती आर. व्ही. रवींद्रन यांच्या देखरेखीखाली तांत्रिक समिती नेमली. ऑगस्ट २०२२ मधील सुनावणीत तिचे निष्कर्ष मांडले गेले. तपासलेल्या २९ पैकी ५ मोबाईल संचांत घातक प्रणाली आढळली, मात्र ती पेगाससच असल्याचे निश्चित सांगता आले नाही. केंद्र सरकारने समितीला सहकार्य केले नाही, असेही न्यायालयाने नमूद केले.

व्हिडिओ गेममधील चित्रण

शासकीय पाळत हा कादंबरी व चित्रपटांप्रमाणे व्हिडिओ गेमचाही विषय झाला आहे. त्यांत जर्मनीतील ऑस्मॉटिक स्टुडिओजचा 'ऑर्वेल' (२०१६) उल्लेखनीय आहे. त्याचे नाव बिहारमधील मोतिहारी येथे जन्मलेले लेखक जॉर्ज ऑर्वेल यांच्यावरून घेतले आहे. एका काल्पनिक राष्ट्राच्या राजधानीत स्फोट होतो आणि खेळाडूला संशयितांचे संदेश, दूरध्वनी व समाजमाध्यमांवरील नोंदी वाचण्याचे काम मिळते. त्यातील कोणता तुकडा वरिष्ठांकडे पाठवायचा, हे खेळाडू ठरवतो. संदर्भाविना पाठवलेले थट्टेचे एखादे वाक्यही संशयिताविरुद्ध जाऊ शकते, कारण निर्णय घेणाऱ्या वरिष्ठाला केवळ पाठवलेले तुकडेच दिसतात.

प्रत्यक्ष व्यवहारातही तासन्‌तास चाललेल्या संभाषणांतून निवडक भागांचे लिप्यंतर न्यायालयापुढे येते. आदेश कोणी दिला याबाबत कायदा तपशीलवार आहे. ऐकलेल्यातून काय निवडले गेले, याकडे मात्र हा गेम लक्ष वेधतो.

टीका

विद्यमान व्यवस्थेवरील मुख्य आक्षेप पुनर्विलोकन समितीच्या रचनेवर आहे. या समितीत केवळ शासनातील सचिव असतात. न्यायाधीश किंवा विधिमंडळाचा प्रतिनिधी नसतो. पाळत संपल्यानंतरही संबंधिताला कळवले जात नसल्याने, ज्याच्यावर खटला झाला नाही अशा निरपराध व्यक्तीला दाद मागण्याची संधीच मिळत नाही. मलकानी आणि विनीत कुमार यांना न्यायालयात आक्षेप घेता आला, कारण त्यांच्यावर गुन्हे दाखल झाले होते. दुसरीकडे, दहशतवाद आणि संघटित गुन्हेगारीच्या तपासात गुप्तता व वेग आवश्यक असून आधी न्यायालयात जावे लागल्यास माहिती फुटण्याचा धोका असतो, असा शासकीय यंत्रणांचा युक्तिवाद असतो.

हे सुद्धा पहा

खाजगीपणाचा अधिकार
भारतीय तार अधिनियम, १८८५
महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण अधिनियम
आधार
जॉर्ज ऑर्वेल