एका दिवसाची दिल्ली: शहरदर्शनाच्या फेरीचा इतिहास

दिल्लीत खासगी मोटार आणि सोबत परवानाधारक गाइड घेऊन एका दिवसात शहर पाहू इच्छिणाऱ्या प्रवाशाचा मार्ग आता जवळजवळ ठरून गेलेला आहे. सकाळी जुन्या शहरातील जामा मशीद आणि लाल किल्ला, तेथून यमुनेच्या बाजूने राजघाट, दुपारी इंडिया गेट आणि राष्ट्रपती भवनाचा परिसर, मग हुमायूनचा मकबरा आणि उन्हे उतरताना कुतुबमिनार, असा हा उत्तरेकडून दक्षिणेकडे सरकणारा क्रम असतो. रस्त्यांच्या सोयीने तो तसा पडला हे खरे असले, तरी त्यातील स्थळांची यादी सोयीने तयार झालेली नाही. निरनिराळ्या काळांत निरनिराळ्या लोकांनी, स्वतःच्या गरजेपोटी किंवा अभिमानापोटी, तीत नावे घातली आणि तितक्याच निश्चयाने काही नावे खोडली.

या फेरीची एक जुनी आणि स्वच्छ नोंद एका विजेत्याच्या रोजनिशीत सापडते. एप्रिल १५२६ मध्ये पानिपतावर इब्राहिम लोदीचा पराभव करून बाबर दिल्लीपाशी आला, तेव्हा त्याने प्रथम शेख निजामुद्दीन औलियांच्या कबरीला प्रदक्षिणा घातली आणि ती रात्र दिल्लीच्या किल्ल्यात काढली. दुसऱ्या दिवशी त्याने ख्वाजा कुतुबुद्दीन बख्तियार काकींचा दर्गा, बल्बन आणि अलाउद्दीन खिलजी यांच्या कबरी व वास्तू, मिनार, हौज-ए-शम्सी आणि हौज-ए-खास हे दोन मोठे तलाव, तसेच बहलूल आणि सिकंदर या लोदी सुलतानांचे मकबरे व बागा पाहिल्या. संध्याकाळी तळावर परतल्यावर तो नावेत बसून अरक प्याला, हेही त्याने लपवलेले नाही. आजच्या गाइडप्रमाणेच त्याला माहिती देणाऱ्यांनीही एक चूक करून ठेवलेली दिसते, कारण कुतुबमिनाराचे श्रेय बाबर अलाउद्दीनला देतो. वस्तुतः अलाउद्दीनने त्या मिनाराहून मोठा मिनार उभारण्याचा घाट घातला होता आणि तो पहिल्या मजल्यापुढे गेला नाही. महत्त्वाची गोष्ट ही की बाबराच्या यादीत संतांचे स्थान सुलतानांच्या आधी आहे. नव्या राजाने जुन्या राजधानीचा ताबा घेताना तेथल्या पिरांना सलाम करणे ही रीत होती आणि स्थळदर्शन त्या रीतीच्या पोटात होते.

संतांच्या कबरींच्या दर्शनाला जियारत म्हणतात, आणि पुढची दोन शतके दिल्लीची फेरी मुख्यतः जियारतीचीच राहिली. तिचे तपशीलवार चित्र रेखाटणारा लेखक दख्खनचा होता. निजाम-उल-मुल्क आसफजाहाच्या लवाजम्यात दिल्लीला गेलेला आणि पुढे औरंगाबादची सुभेदारी सांभाळणारा दर्गाह कुली खान १७३८ ते १७४१ च्या सुमारास तेथे होता, आणि त्याचा ‘मुरक्का-ए-दिल्ली’ हा फारसी ग्रंथ त्या वास्तव्यातून निघाला. त्याच्या वर्णनात शहर वारांवर चालते: प्रेषितांच्या पदचिन्हाचे स्थान मानल्या जाणाऱ्या कदम शरीफला गुरुवारी झुंबड उडते, निजामुद्दीनला बुधवारी, आणि उरुसाच्या म्हणजे संतांच्या पुण्यतिथीच्या दिवसांत तर गायक, नर्तकी, मिठाईवाले आणि रसिक अमीर सगळेच तिकडे लोटतात. नादिरशहाने १७३९ मध्ये शहरात कत्तल करवली त्याच काळातले हे लिखाण आहे, तरी त्यात मैफलींचे वर्णन आक्रमणापेक्षा अधिक जागा व्यापते. काही अभ्यासकांना हे बेफिकिरीचे लक्षण वाटते. परंतु शहर आपल्या सवयींना किती घट्ट धरून होते याचा तो पुरावा मानणे अधिक योग्य ठरेल.

जियारतीला लागूनच सैर होती. सैर म्हणजे मोकळ्या हवेतील रमतगमत केलेली सहल, आणि तिचे दिल्लीतील ठिकाण म्हणजे शहाजहानाबादपासून, म्हणजे आजच्या जुन्या दिल्लीपासून, सुमारे ११ मैलांवरचे मेहरौली. पावसाळ्यात तेथील आमराया, झरना नावाचा पाणवठा आणि भोवतालचे भग्नावशेष यांच्या ओढीने दिल्लीकर तिकडे मुक्कामाला जात. १८१२ च्या सुमारास या सवयीला उत्सवाचे रूप आले. मोगल बादशहा दुसऱ्या अकबरशहाचा मुलगा मिर्झा जहांगीर याने इंग्रज रेसिडेंट सेटनवर गोळी झाडल्यामुळे त्याला अलाहाबादला पाठवण्यात आले होते. तो परत यावा म्हणून त्याच्या आईने बख्तियार काकींच्या दर्ग्यावर चादर चढवण्याचा नवस बोलला, आणि तो फेडताना फुलांची चादर दर्ग्याला व फुलांचा पंखा जवळच्या योगमायेच्या देवळाला अर्पण झाला. हीच ‘फूलवालों की सैर’. इंग्रज सरकारने १९४२ मध्ये ती बंद केली आणि पंडित नेहरूंच्या पुढाकाराने १९६० नंतर ती पुन्हा सुरू झाली. आज कुतुबमिनार पाहून लगेच मोटारीत बसणाऱ्या प्रवाशाला हा दर्गा आणि हे देऊळ हाकेच्या अंतरावर असूनही सहसा दिसत नाहीत; ज्या स्थळांसाठी लोक मेहरौलीला जात ती यादीतून गळाली आणि वाटेत दिसणारा मिनार तेवढा उरला.

हा बदल घडवण्यात पुस्तकांचा वाटा मोठा होता. १८२० च्या दशकात मिर्झा संगीन बेग याने चार्ल्स मेटकाफ आणि विल्यम फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्यांच्या सांगण्यावरून ‘सैर-उल-मनाझिल’ हा फारसी ग्रंथ रचला. त्यात गल्ल्या, हवेल्या, मशिदी आणि शिलालेख यांची ओळीने नोंद आहे. परंतु खरा वळणबिंदू म्हणजे सय्यद अहमद खान यांचा १८४७ मधील उर्दू ग्रंथ ‘आसार-उस-सनादीद’. पुढे अलीगढच्या शिक्षणसंस्थेमुळे प्रसिद्ध झालेले सय्यद अहमद तेव्हा दिल्लीत मुन्सफ, म्हणजे कनिष्ठ दिवाणी न्यायाधीश, होते आणि सुट्टीच्या दिवसांत शहराबाहेरच्या वास्तू मोजत व त्यांवरचे लेख उतरवून घेत फिरत. कुतुबमिनाराच्या वरच्या भागातील लेख खालून वाचता येत नसल्यामुळे ते दोन बल्ल्यांना बांधलेल्या शिंक्यात बसून वर चढत, आणि त्यांचे सहकारी व फारसीचे विद्वान इमाम बख्श सहबाई खाली उभे राहून भीतीने पांढरे पडत, असे त्यांचे चरित्रकार हाली यांनी नोंदवले आहे. पहिल्या आवृत्तीत शहरातील संत, हकीम, कवी आणि गवई यांच्यावर एक स्वतंत्र प्रकरण होते. १८५४ च्या आवृत्तीत ते वगळले गेले, भाषा साधी झाली आणि वास्तू कालक्रमाने मांडल्या गेल्या. पुरातत्त्वाच्या दृष्टीने ही सुधारणाच होती, पण तिच्यामुळे दिल्ली ही माणसांनी भरलेली नगरी न राहता इमारतींची यादी होऊ लागली, हेही नाकारता येत नाही.

तीन वर्षांनी त्या यादीतल्या कित्येक इमारती जमीनदोस्त झाल्या. १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी लाल किल्ल्यातील बहुतांश महाल पाडून तेथे बराकी बांधल्या आणि किल्ला व शहर यांच्यामधला दाट वस्तीचा मोठा पट्टा साफ केला. अकबराबादी मशिदीसारखी भव्य वास्तू त्यात नाहीशी झाली. जामा मशीद जप्त झाली होती, ती १८६२ मध्ये मुसलमानांना परत मिळाली. जी दिल्ली उरली तिच्यात विजेत्यांनी स्वतःची एक फेरी आखली, आणि पुढची जवळजवळ नव्वद वर्षे गोऱ्या प्रवाशांच्या दृष्टीने तीच मुख्य फेरी होती. १४ सप्टेंबर १८५७ रोजी सुरुंगाने उडवलेला काश्मिरी दरवाजा, जवळच्या दफनभूमीतील इंग्रज सेनाधिकारी जनरल निकल्सनची कबर, रिज नावाच्या टेकडीवरील फ्लॅगस्टाफ टॉवर, १८६३ मध्ये उभारलेला गॉथिक धाटणीचा स्मारकस्तंभ, अशी ती स्थळे होती. हुमायूनचा मकबरासुद्धा त्या प्रवाशांना मोगल स्थापत्यासाठी जितका दाखवला जाई तितकाच तेथे आश्रय घेतलेल्या शेवटच्या मोगल बादशहाला, बहादूरशहा जफरला, इंग्रज अधिकारी हॉडसनने कैद केले म्हणून दाखवला जाई.

या फेरीतील एका थांब्याचे नाव मराठी वाचकाला ओळखीचे वाटेल. रिजवरील ‘हिंदुराव हाउस’ हे १८५७ च्या वेढ्यातील इंग्रजांचे प्रमुख ठाणे, आणि ते ज्यांच्या नावाने ओळखले जाई ते हिंदुराव म्हणजे कागलच्या घाटगे घराण्यातील, ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांचे बंधू. विल्यम फ्रेझरच्या मृत्यूनंतर त्याची ही कोठी त्यांच्याकडे आली होती. आज तेथे हिंदुराव रुग्णालय आहे. मराठ्यांचा दिल्लीशी संबंध तसा याहून कितीतरी मोठा: महादजी शिंद्यांच्या पाठबळावर मोगल बादशहा शाहआलम १७७२ मध्ये दिल्लीच्या तख्तावर परतला आणि १७८० च्या दशकापासून १८०३ पर्यंत बहुतांश काळ शहरावर शिंद्यांचा अंमल राहिला. तरीही दर्शनाच्या फेरीत त्या काळाची एकही वास्तू नाही. मराठ्यांची खूण दाखवायचीच झाली तर गाइड लाल किल्ल्यातील दिवाण-ए-खासच्या छताकडे बोट करतो, कारण १७६० मध्ये पैशाच्या चणचणीत सदाशिवरावभाऊंनी त्याचा चांदीचा पत्रा काढून नाणी पाडली होती. सत्ता गाजवणाऱ्यांची आठवण एका उखडलेल्या छतापुरती उरावी, याचे साधे कारण असे की शिंद्यांनी दिल्लीत बादशहाच्या नावाने कारभार केला आणि स्वतःसाठी तेथे काही बांधले नाही.

१८६७ मध्ये रेल्वे थेट शहरात आली आणि दिल्ली हे आग्ऱ्याच्या वाटेवरचे एक-दोन दिवसांचे ठाणे बनले. प्रवासी पुस्तिका तासांचा हिशेब मांडू लागल्या. एक दिवस शहर आणि रिज, दुसरा दिवस कुतुब, अशी विभागणी घोडागाडीच्या वेगाने ठरली होती. कुतुबच्या वाटेवर १७५४ च्या सुमाराचा सफदरजंगाचा मकबरा लागे आणि तो पाहणे ओघानेच होई. दिल्लीच्या ‘सात नगरी’ ही कल्पनाही याच पुस्तिकांनी रुळवली, आणि १९०६ मधील हर्न यांच्या इंग्रजी पुस्तकाने तर ती आपल्या शीर्षकातच मिरवली. किल्ला राय पिथोरा, सिरी, तुघलकाबाद, जहाँपनाह, फिरोजाबाद, पुराना किल्ला आणि शहाजहानाबाद ही ती गणती. कोणते अवशेष स्वतंत्र नगर मानायचे यावर अभ्यासकांत एकमत नाही आणि आकडा आठापासून पंधरापर्यंतही नेला जातो, पण प्रवाशाला सात हा आकडा पुरतो.

व्हाइसरॉय लॉर्ड कर्झनच्या कारकिर्दीत १९०४ चा प्राचीन स्मारक संरक्षण कायदा झाला, मकबऱ्यांत राहणाऱ्या कुटुंबांना बाहेर काढण्यात आले आणि भोवती हिरवळी आल्या. लोदी सुलतानांच्या कबरींभोवतीचे खैरपूर गाव हलवून १९३६ मध्ये तेथे लेडी विलिंग्डन पार्क झाला, तोच आजचा लोदी बगीचा. १२ डिसेंबर १९११ च्या दरबारात राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला आणण्याची घोषणा झाली आणि १९३१ मध्ये वास्तुविशारद लुटियन्स व बेकर यांच्या नव्या शहराचे उद्घाटन झाले. पाहण्याची दिल्ली आणि राज्य करण्याची दिल्ली यांची सांगड प्रथम येथे जाणीवपूर्वक घातली गेली, कारण नव्या शहराचे रस्ते जामा मशीद आणि पुराना किल्ला यांसारख्या जुन्या वास्तूंचा रोख धरून आखले होते.

स्वातंत्र्याने फेरीत पुन्हा उलथापालथ केली. १९४७ मध्ये पुराना किल्ला आणि हुमायूनचा मकबरा येथे निर्वासितांच्या छावण्या होत्या, तेव्हा दर्शनाचा प्रश्नच नव्हता. त्यानंतर उठावाची इंग्रजी स्थळे हळूहळू मागे पडली. निकल्सनचा पुतळा उत्तर आयर्लंडला गेला, इंडिया गेटजवळच्या छत्रीतील पंचम जॉर्जचा पुतळा १९६८ मध्ये हलवला गेला, आणि रिजवरील स्मारकस्तंभाला १९७२ मध्ये अजितगड हे नाव देऊन, त्यावर ज्यांना शत्रू म्हटले आहे ते स्वातंत्र्यासाठी लढणारे वीर होते, असे सांगणारा फलक लावला गेला. फेरीत रिकाम्या झालेल्या जागी राजघाट आला. १९४८ मधील गांधीजींच्या अंत्यसंस्काराच्या जागी पुढे वास्तुविशारद वानू भुता यांनी योजलेला काळ्या संगमरवराचा चौथरा झाला आणि परदेशी पाहुण्यांनी तेथे पुष्पचक्र वाहणे हा राजशिष्टाचार ठरला. शहरात येताच निजामुद्दीनला जाणाऱ्या बाबराच्या वागण्याशी या शिष्टाचाराचे नाते लक्षात घेण्यासारखे आहे.

पुढची भर सरकारी पर्यटन खात्याची आणि नव्या धर्मसंस्थांची. १९६६ मध्ये भारतीय पर्यटन विकास महामंडळ स्थापन झाले, गाइडांना परीक्षा व परवाने आले, दिल्लीदर्शनाच्या बसगाड्या निघाल्या. १९८६ मध्ये बहाई पंथाचे कमळाकृती मंदिर आणि २००५ मध्ये अक्षरधाम यांनी यादी लांबवली. कुतुबमिनाराच्या आतील ३७९ पायऱ्या चढण्याचा फेरीतील आनंद मात्र कायमचा गेला. ४ डिसेंबर १९८१ रोजी आतला उजेड गेल्याने चेंगराचेंगरी होऊन सुमारे ४५ जण, बहुतेक शाळकरी मुले, मरण पावले आणि तो जिना बंद झाला. जवळच्या लोहस्तंभाला पाठ लावून मागे हात जुळवण्याचा खेळही १९९७ मध्ये कठडा बसवल्यावर संपला.

दर्गाह कुली खानाच्या काळी बुधवार-गुरुवार पाहून लोक बाहेर पडत, तर आज खासगी फेरी ठरवणारे प्रथम सोमवार टाळतात, कारण त्या दिवशी लाल किल्ला, कमळमंदिर आणि अक्षरधाम तिन्ही बंद असतात. शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळी जामा मशिदीत प्रेक्षकांना प्रवेश नसतो. सोमवारीच आलेल्या प्रवाशाला गाइड हुमायूनचा मकबरा, लोदी बगीचा आणि कुतुब एवढ्यावर नेतो, आणि दिवस भरून काढण्यासाठी हौज-ए-खास किंवा निजामुद्दीनचा दर्गा सुचवतो. अशा वेळी बाबराच्या यादीतली बरीचशी नावे फेरीत परत येतात.