वसईचा तह आणि मागे राहिलेल्या बायका

आज एका तहाची गोष्ट सांगते.

मीरा रोडच्या नया नगरहून उत्तरेला गेलं की भाईंदरची खाडी लागते. पलीकडे वसई. हा सगळा मुलूख, म्हणजे साष्टी आणि वसई, १५३४ पासून पोर्तुगीजांकडे होता.

त्यांच्या राज्यात एक हुकूम होता. १५५९ साली तो पोर्तुगालच्या राजाने काढला. आईबाप, आजीआजोबा नसलेली हिंदू मुलं ख्रिस्ती करण्यासाठी पाद्र्यांच्या ताब्यात द्यायची. पुढे बाप मेला की आई जिवंत असली तरी मूल पोरकं धरू लागले. म्हणजे नवरा गेला त्याच दिवशी बाईला पोराचीही धास्ती.

असे जाच वाढले, तेव्हा अंजूरच्या गंगाजी नाईकांसारखी माणसं पेशव्यांकडे गेली. १७३७ मध्ये मोहीम सुरू झाली. बाजीरावांचे भाऊ चिमाजी अप्पा तिचे सेनापती. ठाणं लगेच पडलं, वसई मात्र दोन वर्षं झुंजली. खाडीच्या अलीकडे, भाईंदरजवळ, धारावीचा किल्ला आहे. वसईची रसद तोडायला तो हवाच होता. १७३९ मध्ये मराठ्यांनी तो घेतला. मग वसईच्या तटाखाली सुरुंग लावले. दोन्हीकडची माणसं मेली. मे १७३९ मध्ये वसई शरण आली.

आता तहाकडे बघा. शिबंदीला मानाने, हत्यारांसह जाऊ दिलं. जे राहतील त्यांना आपला धर्म पाळायची मोकळीक दिली. किल्ल्यातली चर्च ओस पडली, काही घंटा भीमाशंकर, नाशिकच्या देवळांत गेल्या. पण माणसं राहिली. वसई, उत्तन, डोंगरीची ख्रिस्ती गावं आजही नांदती आहेत.

असाच तह दूर आयर्लंडमध्ये १६९१ साली झाला होता. लिमेरिक शहर इंग्लंडच्या राजाच्या फौजेला शरण गेलं. तिथेही कॅथलिकांना धर्माची मोकळीक कबूल केली. हरलेले सैनिक फ्रान्सला निघाले. बायकामुलांना नेण्याची मुभा होती, पण कॉर्कच्या बंदरात कितीतरी जणी किनाऱ्यावरच राहिल्या. आणि चारच वर्षांत वचन मोडलं. १६९५ पासून कॅथलिकांना शस्त्र बाळगणं, शाळा चालवणं बंद. १७०४ मध्ये जमीन विकत घेणंही बंद.

दोन्हीकडे नावं राहिली ती सेनापतींची. मागे राहिलेल्या बाईचं मूल, घर आणि देव मात्र कागदावरच्या एका कलमावर आणि ते पाळणाऱ्यावर अवलंबून होते.

आपल्या गावातही धरण येतं, रस्ता येतो, ग्रामसभेत कागद वाचला जातो. तेव्हा गटातल्या सगळ्याजणी जा. जे राहणार त्यांच्यासाठी काय लिहिलंय आणि ते कोण पाळणार, हे उठून विचारा. उत्तर लिहून घ्या.