एव्हेलिन कॅमेरॉन व तिच्या काचा

फोटोग्राफीच्या इतिहासांत मोठ्या शहरांतील नामांकित स्टुडिओंची वर्णनें पुष्कळ सांपडतात. टेरी या गांवाचें नांव त्यांत क्वचितच आढळतें. अमेरिकेच्या मोंटाना संस्थानांत यलोस्टोन नदीच्या कांठीं हें लहानसें गांव आहे. त्याच्या आसपासच्या ओसाड माळरानांत एव्हेलिन कॅमेरॉन या बाईचें बहुतेक आयुष्य गेलें.

तिचा जन्म १८६८ सालीं लंडनजवळच्या एका सधन घरांतला. १८८९ मध्यें पतीसमवेत ती शिकारीकरितां मोंटानांत गेली, व पुढें दोघांनीं तेथेंच बिऱ्हाड केलें. पोलोचे घोडे पैदा करून विलायतेस विकण्याचा त्यांचा बेत पार फसला. पतिराज पक्षिनिरीक्षणांत रमलेले! तेव्हां गाई दोहणें, भाजीपाला लावणें, पैसे घेऊन घरीं पाहुणे ठेवणें हा सारा भार हिच्याच माथीं आला.

अशा ओढगस्तींत १८९४ च्या सुमारास, घरीं राहावयास आलेल्या एका पाहुण्यानें तिला कॅमेऱ्याची तोंडओळख करून दिली. पुढचें ज्ञान तिनें स्वतःच्या हातानें मिळविलें. त्या काळीं चित्र काचेवर उमटे. ती काच जड, ठिसूळ. घोड्यावरून मैलोगणती न्यावयाची, अंधारांत औषधी द्रावणांत धुवावयाची, आणि तीही दिवसभराच्या कामानें अंग मोडून आल्यावर. हौसेनें शिकलेली ही विद्या लवकरच मीठ-पिठास हातभार लावूं लागली. मग हिला हौशी म्हणावें कीं धंदेवाईक? ना पाटी, ना दुकान. मी तर हौशीच म्हणतों.

लोकर कातरणारे मजूर, नव्यानें वस्तीस आलेलीं शेतकरी कुटुंबें, गरुडाचीं पिलें, कणीक मळणारी ती स्वतः, घोड्याच्या पाठीवर ताठ उभी असलेलीही तीच! घोड्यावर नीट मांड टाकतां यावी म्हणून ती दुभागलेला झगा घाली. तो घालून माइल्स सिटीस गेली, तेव्हां तिला अटकेची धमकी मिळाली. आमच्या नऊवारी कासोट्याला असली धमकी कोणीं दिल्याचें माझ्या ऐकिवांत नाहीं.

१९१५ मध्यें पति वारला. नातलग विलायतेस, तरी ती परत गेली नाहीं. एकटीनें गुरें व शेत सांभाळीत १९२८ च्या डिसेंबरांत ती निवर्तली. तिच्या काचा मात्र एका मैत्रिणीच्या तळघरांत सुमारें पन्नास वर्षें पडून होत्या. १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस डोना ल्यूसी या संशोधक बाईंस त्या पाहावयास मिळाल्या. त्यांनीं तिच्या रोजनिशाही वाचल्या, आणि १९९० सालीं तिचें चरित्र व चित्रें ग्रंथरूपानें बाहेर आलीं. आतां टेरी गांवांत तिच्या चित्रांचें एक स्वतंत्र दालन आहे.