गंगाखेडची गंगा

'नदीवर पीएच.डी.? त्यात इतिहास कसला?' असं लोक विचारतात, तेव्हा मी गंगाखेडचं उदाहरण देते.

परभणीहून परळीला जाणारी रेल्वे गंगाखेडच्या आधी गोदावरी ओलांडते. डब्यातली म्हातारी माणसं 'गंगा आली' म्हणत हात जोडतात. शहराच्या नावात आहे ती हीच गंगा. १३व्या शतकातल्या संत जनाबाई इथल्याच. पर्वणीचं स्नान असो की अस्थिविसर्जन, आसपासच्या गावांतले लोक इथंच येतात. माणसं आली की पूजेचं सामान आलं, मुक्काम आला, बाजार आला. म्हणजे नदीनं शहराला नुसतं पाणी दिलं नाही, येण्याचं कारणही दिलं.

पण त्यासाठी पात्रात पाणी हवं ना! १९६५ मध्ये वर पैठणला जायकवाडी धरणाची पायाभरणी झाली, १९७६ मध्ये ते पूर्ण झालं. त्याच्या डाव्या कालव्यानं परभणी जिल्ह्यातली शेती भिजली, हे नाकारून चालणार नाही. पुढं ढालेगाव, मुद्गल इथं बंधारे झाले. आता घाटाला पाणी कधी लागेल, हे पावसाइतकंच वरच्या दरवाजांवर ठरतं.

माझ्या संशोधनाचा प्रश्न इथून सुरू होतो. शेतीच्या पाण्याला पाळी असते, पिण्याच्या पाण्याला आरक्षण असतं. ज्या वाहत्या पाण्यामुळे हे शहर शहर झालं, त्याचा हिशेब कोणत्या वहीत मांडायचा?