पुण्यात प्यायचं कुठे?

विषयाचं नाव वाचून काही जण हसले, ते मी पाहिलं. पण प्रश्न गंभीर आहे. पाणी, चहा आणि दारू या तिन्हींच्या बाबतीत पुण्यात भांडण झालं ते काय प्यायचं यावर जितकं, तितकंच कुठे प्यायचं यावरही.

आधी पाणी. गावाला खेटून मुठा वाहते, तरी अठराव्या शतकाच्या मध्यावर, नानासाहेब पेशव्यांच्या काळात, कात्रजहून नळ बांधून पाणी आणलं गेलं. ते शहरातल्या हौदांत पडायचं. हौद सार्वजनिक म्हणायचे, पण अस्पृश्य मानलेल्या माणसाला त्यात हात घालता येत नसे. कुणी वरून ओतलं तर प्यायचं. १८६८ मध्ये जोतीराव फुल्यांनी गंज पेठेतल्या आपल्या घरचा हौद त्यांना खुला केला. गावाने जे नाकारलं, ते एका घराने दिलं.

आता चहा. १८९० साली पंचहौद मिशनमध्ये व्याख्यान झालं, नंतर चहा-बिस्किटं आली. नावातच हौद आहे, बघा! न्यायमूर्ती रानडे, टिळक अशी मोठी मंडळी हजर होती. पुढे ‘पुणे वैभव’ पत्रात नावं छापून आली आणि गहजब झाला. चहा तर पुण्यात नवा नव्हता. गुन्हा होता तो ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या घरी घेतल्याचा. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. पुढे रानड्यांसारख्या माणसानेही प्रायश्चित्त घेतलं.

आणि दारू. १८१७ मध्ये खडकीची लढाई झाली, पेशवाई गेली, आणि शहराच्या कडेला गोऱ्या पलटणींच्या छावण्या बसल्या. १८७८ साली मुंबई इलाख्यात अबकारी कायदा आला. दारू हे सरकारी उत्पन्नाचं मोठं साधन झालं. फुले तेव्हा पुणे नगरपालिकेचे सभासद होते. १८ जुलै १८८० रोजी त्यांनी व्यवस्थापक समितीचे अध्यक्ष प्लंकेट यांना पत्र लिहिलं. शहरात दारूची दुकानं वाढताहेत, त्याने घरं बुडताहेत, असं त्यांचं म्हणणं. पालिका लोकांच्या आरोग्यावर खर्च करते, मग या दुकानांवर कर का बसवत नाही, असा त्यांचा रोख होता.

म्हणजे पाण्याचं दार उघडणारा माणूस दारूचं दार आवळायला सांगत होता. यात विसंगती आहे का? मला वाटतं, नाही. दिवसभर राबलेल्या माणसाला हौदावर मज्जाव आणि गुत्त्यावर या, बसा! त्याच्या खिशातल्या पैशांतून वर सरकारचा महसूल. फुल्यांची दोन्ही कामं एकाच माणसासाठी होती.

१९०८ च्या उन्हाळ्यात टिळकांनीही पुण्यातल्या दारूच्या दुकानांवर निरोधन सुरू केलं. स्वयंसेवक दारात उभे राहून गिऱ्हाइकांना परतवायचे. सरकारने त्यांच्यावरच खटले भरले. २४ जूनला राजद्रोहाच्या आरोपाखाली टिळकांना अटक झाली आणि पुढे ते मंडालेला गेले. फुले आणि टिळक यांचं एकमत व्हावं असे विषय फार थोडे. त्यांतला हा एक.

आज गंज पेठेला महात्मा फुले पेठ म्हणतात. तिथे जाल तेव्हा वाड्याबरोबर त्या हौदाचीही आठवण ठेवा. या शहरात प्यायचं कुठे, याचं पहिलं सरळ उत्तर मला तिथे सापडतं.