पत्रकुंडल

गोव्यात, डिचोलीतल्या नार्व्याला या आणि सप्तकोटेश्वराच्या दारावरचा शिलालेख बघा. शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये हे देऊळ पुन्हा उभारायला घेतलं, त्याची ती नोंद. मग तरीवरून पलीकडं, देवाच्या मूळ जागी दिवाडीला निघा. नदीच्या मध्यावर काळ मागं सरकू लागतो. पोर्तुगीजांनी मोडलेलं देऊळ उभं राहतं, बहामनींनी मोडलेलंही. काठाला लागता तेव्हा बाराव्या शतकाचा उत्तरार्ध चालू असतो. राज्य कदंबांचं, पेर्माडीदेव शिवचित्ताचं. सप्तकोटेश्वराचं नाव या राजाच्या सोन्याच्या नाण्यावर आहे.

घाट चढताना तुमची नजर बायकांच्या कानांवर खिळते. पाळ्या ओघळून मानेपर्यंत आलेल्या, आणि प्रत्येक भोकात सोन्याचं जाड कुंडल. एवढं वजन कान कसा पेलतो?

सोनाराच्या शेगडीजवळ बसा. एक म्हातारी नातीसाठी कुंडलं घेते आहे. "शेट, पोरीचा कान तुटेल हो." "हातात धरून बघा, आवय," तो म्हणतो. ती धरते, आणि तुम्हीही धरता. बोटांना वजन जवळजवळ लागतच नाही. ऐरणीवर सोनं ठोकून पानासारखा पातळ पत्रा केलाय, त्याची नळी वळवलीय, टाकणखार लावून सांधा डाखलाय. तोंडावरचं कमळ लाखेवर ठेवून उठवलंय. आत काही नाही. भरीव घडवलं असतं तर सोनंही कितीतरी लागलं असतं आणि पाळीही फाटली असती. सोनाराचं खरं कसब मला या पातळपणात दिसतं. पत्रा जरा जाड राहिला तर कानाला ओढ, जरा पातळ झाला तर बोटाच्या दाबानं पोचा.

नातीच्या कानात अजून सोनं नाही, ताडपत्राची सुरळी आहे. दाबून बसवलेलं पान उलगडायला बघतं आणि भोक हळूहळू रुंदावतं. काही दिवसांनी आणखी मोठी सुरळी. इथं घाई करून चालत नाही. सुश्रुतानं कान टोचल्यावर दर तीन दिवसांनी वात जाड करायला आणि तेल घालायला सांगितलंय, आणि तुटलेली पाळी जोडायच्या पंधरा रीती दिल्यात. इतक्या रीती लिहून ठेवाव्या लागल्या, म्हणजे किती जणींनी ते दुखणं सोसलं असेल!

शेट दुसरी नळी वळायला घेतो. मागं होडीवाल्याची बायको उभी आहे, कान तेवढेच ओघळलेले, भोकांत नुसती ताडपत्रं. ती सोन्याकडं बघतसुद्धा नाही. सुकलेली सुरळी काढते, कमरेला खोचलेलं ताजं पान वळून बसवते आणि भावाला हाक मारत तरीकडं निघते. ते पान मला सोन्याइतकंच देखणं वाटतं. सोनाराचा पत्रा तरी कुणाची नक्कल आहे? त्याच सुरळीची.